उपाशी धामण

हिंजवडीच्या नव्या फ्लॅटमध्ये एकटाच राहणाऱ्या ऋषिकेशनं गारुड्याकडून हौसेनं धामण विकत घेतली. तिला काचेची पेटी केली, उबेला बल्ब लावला. पण सतरा दिवस झाले तरी तिनं उंदराला, बेडकाला, अंड्याला तोंडही लावलं नाही.

"खा गं बाई," तो पेटीपाशी बसून विनवायचा.

साप पाळणं गुन्हा, म्हणून डॉक्टरकडे नेण्याचीही सोय नव्हती. तिची कातडी लोंबू लागली, तेव्हा तो रडकुंडीला येऊन तिला भरे गावात, साप धरणाऱ्या तुकाबाईंकडे घेऊन गेला.

"मावशी, काहीही करा, पण हिला खायला लावा!"

तुकाबाईंनी तिला उन्हात धरलं आणि तिच्या जबड्यावरून हळूच नख फिरवलं.



"आरं बाबा, खाईल कशी? गारुड्यानं तोंड शिवलंय की हिचं!"