मुळापर्यंत कंगवा

कंगवा मानेपासून शेपटीपर्यंत सरळ गेला, कुठेही अडला नाही. बेबीने केसांचा वरचा थर उचलून तो आतून, अगदी कातडीला टेकवून पुन्हा फिरवला. एक गाठ सापडेल तर शपथ. बावीस वर्षं ती लोकांची कुत्री धुते, विंचरते, भादरते. इतक्या निगुतीने राखलेला कुत्रा तिने क्वचितच पाहिला होता.

"रोज अर्धा तास," वहिनी दारातून म्हणाली. "आधी तारांचा ब्रश, मग रुंद दातांचा कंगवा, मग बारीक दातांचा. दोन वर्षांत एक दिवस चुकवलेला नाही. नुसतं वरवर फिरवून भागत नाही गं. आत गुंता झाला की कातडी ओढली जाते, ओल धरते, जखमा होतात. मुक्या जिवाला सांगता येत नाही ना."

"हे तू मला सांगतेस?" बेबी हसली.

उद्या प्रिन्स कुत्र्यांच्या सौंदर्यस्पर्धेत उतरणार होता. नेहमीच्या माणसाचा हात मोडला, तेव्हा वहिनीला दुसऱ्या गावातली ही नणंद आठवली होती. आल्या आल्या बेबी आईच्या खोलीकडे वळली, तर "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा, आधी याचं आटप," म्हणून वहिनीने तिला थेट मागच्या गॅलरीत आणलं होतं.

"मी तोवर न्हाऊन घेते. उद्या फोटो निघतील," वहिनी म्हणाली. बाथरूमचं दार लागलं.

बेबीने प्रिन्सला टेबलावरून खाली ठेवलं आणि कंगवा तसाच हातात घेऊन ती आईच्या खोलीत गेली.

आई जागीच होती. तिचं उजवं अंग लुळं पडून आठ महिने झाले होते. कपाळावरचे केस चापूनचोपून बसवलेले, मधोमध भांग. दर रविवारी फोनवर दिसायची तश्शीच. उशी सरळ करायला बेबीने तिचं डोकं उचललं आणि सवयीने कंगवा मागून मुळाशी घातला. तो अडला. दुसरीकडून घातला. तिथेही अडला. आई कळवळली.

मागे केस असे उरलेच नव्हते. तळहाताएवढा, चपलेच्या तळासारखा घट्ट गठ्ठा झाला होता, आणि त्याखालून कुबट वास येत होता.

"राहू दे गं," आई म्हणाली. "रविवारी विंचरते ती. फोनच्या आधी. पुढून."

बेबीच्या डोक्यात तिडीक गेली. ही लबाडी तिच्या ओळखीची होती. गिऱ्हाइकं हेच करतात, कुत्रं आणायच्या दिवशी वरून ब्रश फिरवतात आणि खालचं सगळं जाम झालेलं असतं. पण त्यांना निदान माहीत नसतं. हिला माहीत होतं. हिला सगळं तोंडपाठ होतं!

गठ्ठा सुटण्यातला नव्हता. बेबीने पिशवीतून मशीन आणलं, नवं कोरं पातं बसवलं, ते तापत नाही ना हे स्वतःच्या मनगटाला लावून पाहिलं.

"आई, कापावे लागतील. सगळे."

एके काळी आईची वेणी कमरेखाली यायची. तिने डोळे मिटून मान हलवली. गठ्ठा एका तुकड्यात निघून आला. खाली कातडी लालभडक होती, दोन ठिकाणी चिघळलेली. बेबीने ती हलक्या हाताने पुसली, मलम लावलं. आईने डाव्या हाताने डोकं सगळीकडून चाचपलं. "हलकं वाटतंय," म्हणाली आणि रडायला लागली.

बाथरूममध्ये ड्रायर घरघरत होता.

तो गठ्ठा घेऊन बेबी गॅलरीत परत आली. प्रिन्स टेबलाखाली शहाण्यासारखा बसून होता. "तुझा काही दोष नाही रे," असं म्हणत तिने त्याला वर घेतलं, पातं बदललं आणि दोन खांद्यांच्या मधून थेट शेपटीपर्यंत मशीन ओढलं. तिने घाई केली नाही, कुठे खरचटूही दिलं नाही. पांढरेशुभ्र केस तिच्या पायांवर पडत राहिले. इतकं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

वहिनी आली ती नुकतेच रंगवलेले केस पाठीवर मोकळे सोडून. दारातच किंचाळली.

"अगं ए! वेड लागलं का तुला? दोन वर्षं राखले होते मी ते! दोन वर्षं!"

बेबीने तो करडा गठ्ठा तिच्या हातात ठेवला.

"हे काय?"

"वास घे. कळेल."

वास घ्यायची गरज पडली नाही. वहिनीचा चेहरा उतरला.

"आता दोघांचे एकदमच वाढतील," बेबी म्हणाली. "मी दर महिन्याला येईन. कंगवा मुळापर्यंत घालून बघेन. आधी आईला."

तिच्या हातातलं मशीन अजून चालूच होतं. वहिनीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि तिचा मोकळा हात आपोआप स्वतःच्या केसांवर गेला.