कोंबडीपालन, भाग तिसरा

टीव्ही केंद्राच्या टेपसंग्रहात बसून मालिनीबाईंनी मांडीवरच्या डब्याचं लेबल नखाने सोललं. 'कोंबडीपालन: भाग तिसरा'च्या खाली जुनं लेबल निघालं, त्यांच्या नाटकाचं. टीव्हीवर त्यांनी केलेलं ते एकुलतं एक नाटक.

"तेव्हा टेपा कमी होत्या. जुनं पुसून त्यावरच नवं घ्यायचे," संग्रह सांभाळणारे गृहस्थ म्हणाले.

"कुणा गाढव कारकुनाने पुसलं!" बाईंशेजारी बसलेल्या त्यांच्या यजमानांनी चाळीस वर्षं घोकलेलं वाक्य पुन्हा म्हटलं. ते याच केंद्राचे निवृत्त नाट्यविभागप्रमुख.

"कारकून कसा पुसेल, साहेब? काय पुसायचं ते विभागप्रमुखच लिहून द्यायचे."

चिठ्ठी डब्यातच होती. 'जतन करण्याजोगे नाही. पुसावे.' अक्षर ओळखायला बाईंना चष्मा लागला नाही. लग्नाआधीची पत्रं याच अक्षरात आली होती.

"आणि यांची नाटकं?"

"आहेत ना! तेराच्या तेरा."

"अगं, टेपा खरंच कमी होत्या," यजमान छताकडे बघत म्हणाले.

"कोंबड्या लावा हो," बाई त्या गृहस्थांना म्हणाल्या. "माझ्यापेक्षा सरस काम केलं असणार त्यांनी. आणि अहो, तुम्ही कुठे निघालात? बसा. निवड तुमचीच आहे."