घाबरू नकोस

भाजीत मीठ कमी आहे असं सासूने म्हटलं की सून तोंड फुगवायची; पण प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या हौशी मंडळींच्या एका संकेतस्थळावरून कुणी संपादिका तिचा लेख पुन्हापुन्हा परत पाठवायची, तेव्हा ही तो निमूट दुरुस्त करायची. सासूच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आज सुनेने नवा शेरा मोठ्याने वाचला, "'चालवून बघ, घाबरू नकोस' हे काढा. 'वाचकाने प्रोग्राम चालवून पाहावा' असं लिहा. नाहीतर लेख प्रसिद्ध होणार नाही."

मग तिने खटाखट उत्तर टाईप केलं, "नवख्याशी मी अशीच बोलणार. वाक्य राहील."

संध्याकाळी लेख झळकला, त्या वाक्यासकट.

सासूने सुनेच्या पाठीत धपाटा घातला, "पोटच्या पोराला नाही लागलं, पण तुला लागलं गं माझं वळण!"