गुडघ्याची तक्रार

वैद्य उमाशंकरांनी नोटीस तिसऱ्यांदा वाचली आणि चहा तसाच निवू दिला. हदगावच्या केवळाबाईनं नांदेडच्या ग्राहक आयोगात त्यांच्यावर तक्रार केली होती. उपचारात हयगय झाली, गुडघ्याचं दुखणं कायम राहिलं, असं तिचं म्हणणं. नोटीस आधी नांदेडच्या बंद दवाखान्यावर गेली होती, आणि तिथून पोस्टानं फिरून लातूरला लेकीच्या घरी पोचली होती.

तेहेतीस वर्षं त्यांनी नांदेडला दवाखाना चालवला. हल्ली गुडघा दुखला की लोक थेट ऑपरेशनला जातात, आपल्या तेलाची न् काढ्याची वाट कोण बघतो, असं म्हणून वर्षापूर्वी त्यांनी कुलूप लावलं. पोस्टात तेवढा लेकीचा पत्ता देऊन ठेवला, बाकी कुणाला सांगितलंही नाही. लातूरला आल्यापासून नातीची वेणी घालायची न् भाजी निवडायची, एवढंच काम उरलं होतं. त्यात ते मजेत होते. निदान लेक वर्षाराणी विचारायची तेव्हा तसं सांगायचे.

केवळाबाई त्यांना पक्की आठवत होती. पहिल्या दिवशी दोघांनी धरून आणलेली ही बाई चौथ्या महिन्यात एकटी एसटीनं आली होती आणि जाताना टेबलावर अंबाडीची जुडी ठेवून गेली होती. तिनंच आपल्याला आयोगापुढं उभं करावं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

वकील धम्मप्रिया वयानं लहान, पण कामाला चोख. तिनं आधी त्यांच्या नोंदणीचं प्रमाणपत्र मागितलं, मग केसपेपर. नुसतं दुखणं गेलं नाही म्हणून निष्काळजीपणा ठरत नाही, असं तिनं त्यांना समजावलं. त्या विद्येतला जाणता माणूस जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली नाही, हे दाखवावं लागतं. केसपेपरवर सगळं होतं. उजव्या गुडघ्याची सूज, रोजचं तेल, पथ्य, आणि शेवटी 'पूर्ण आराम पडला'. खाली बाईचा अंगठा.

"काका, ही केस पहिल्याच तारखेला संपते बघा," धम्मप्रिया म्हणाली.

तारखेला केवळाबाई काठी टेकत, लंगडत आली. तिची चाल बघून वैद्यांचं काळीज चरकलं. इतकी वर्षं ज्या हातांवर भरवसा ठेवला, तेच चुकले की काय? केवळाबाईनं मात्र त्यांना बघताच पदर सावरला आणि लांबूनच हात जोडले. त्यांना काय करावं ते कळेना. त्यांनीही जोडले.

तिनं वकील दिला नव्हता. तक्रार गावच्या मास्तरांनी लिहून दिली होती. अध्यक्षांची परवानगी घेऊन धम्मप्रिया उठली. केसपेपर पुढं धरून तिनं विचारलं, उजवा गुडघा आता दुखतो का.

"न्हाई."

"जिना चढताना?"

"कवाच न्हाई. एकदम ब्येस हाय."

धम्मप्रिया खाली बसली. आता पुढं काही बोलायची गरजच नव्हती. वैद्यांनी कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

अध्यक्षांनी चष्म्यावरून बाईकडं बघितलं. मग हयगय कुठं झाली आणि भरपाई कशाची पाहिजे, असं त्यांनी जरा करड्या आवाजातच विचारलं.

"भरपाई नको साहेब," केवळाबाई म्हणाली. "उजवा बरा केला, अन् डाव्याची पाळी आली तर हे कुलूप लावून गेले. तीन चकरा मारल्या नांदेडला, कुनी पत्ता देईना. मास्तर म्हनले, नोटीस मानसाला बराबर हुडकून आनते."

मग तिनं काठी बाजूला ठेवली, वैद्यांच्या शेजारी बाकावर बसली, आणि डावा पाय त्यांच्यापुढं लांब केला.