हिरव्या दिव्याचं उत्तर

टेबलावर चौदा केक होते. सात मऊ, सात कडक. प्रत्येकातला तुकडा खाल्ल्याशिवाय डेन्मार्कच्या दक्षिण जटलंडात पाहुण्याची सुटका नसते. सिसेल चौथ्यावरच अडकली होती.

ती एकट्या राहणाऱ्या वृद्ध थॉरवाल्ड लोरेन्सन यांच्या गळ्यातलं मदतीचं बटण तपासायला आली होती. त्यांनी कुबडी खुर्चीला टेकवली आणि तिच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"चूक माझीच," ते म्हणाले. "रात्री न्हाणीघरात पडलो, बटण दाबलं, त्यावरचा हिरवा दिवा लागला. म्हटलं, निघाली नर्स. पुन्हा दाबून उगाच कशाला पिडायचं? सकाळी सफाईवाली येईपर्यंत दिव्याकडं बघत पडून राहिलो."

"चूक तुमची नाही."

"बरं, नाही तर नाही. रुबार्बचा घे, त्या आंबट देठांचा."

सिसेलने काटा खाली ठेवला. "हिरवा दिवा म्हणजे आमच्या यंत्रणेचं उत्तर. 'निरोप मिळाला' असं. निरोप आला की आधी उत्तर द्यायचं, मग नर्स शोधायची, असा नियम मीच लावला होता. त्या रात्री शोध मध्येच बंद पडला. उत्तर मात्र गेलं होतं."

"म्हणजे निरोप मिळाला कोणाला?"

"कोणालाच नाही."

त्यांनी गळ्यातलं बटण चिमटीत धरून पाहिलं. मग म्हणाले, "एवढी घाई कशाची होती गं?"

"अर्ध्या सेकंदात उत्तर जातं, हे दाखवायचं होतं." तिचे कान तापले. "ते जमलं तेव्हा ऑफिसात माझ्यासाठी केक आणला होता."

"कसला?"

"सफरचंदाचा."

लोरेन्सननी टेबलावरचा सफरचंदाचा केक उचलला आणि तिच्यापासून लांब, पार दुसऱ्या टोकाला ठेवला.

"आता क्रम बदललाय," ती खाली बघत म्हणाली. "नर्सने स्वतः 'निघाले' असं कळवल्याशिवाय दिवा हिरवा होणार नाही. दाबून बघा."

त्यांनी बटण दाबलं. दिवा पिवळा लुकलुकू लागला. तिने घड्याळ समोर धरलं.

"होत नाहीये गं हिरवा."

"थांबा."

टेबलाची कड धरलेली त्यांची बोटं पांढरी पडली होती. तिने नजर घड्याळावरून हलवली नाही.

दिवा हिरवा झाला. सत्तेचाळीस सेकंद.