डावखुरा टाका

"पेटवा हो पुढारी! आता कसली वाट बघताय?" किडमिड्या ओरडला. शिलाई खात्यातला सगळ्यात बारीक गडी, पण गळा सगळ्यात मोठा त्याचाच.

काड्यापेटी पुढाऱ्याच्या हातात होती. बुटांच्या कारखान्याच्या फाटकासमोर त्यांनी टेम्पो अडवला होता. ड्रायव्हर हात जोडून कडेला उभा होता. खाली उतरवलेल्या खोक्यांवर परदेशी अक्षरं छापलेली होती आणि वरून रॉकेल शिंपडून झालं होतं.

पावसाळा गेला, थंडी संपत आली, तरी ही माणसं फाटकावर बसून होती. एका सकाळी मॅनेजरने जाळीतूनच सांगितलं होतं, "तुम्ही परवडत नाही. शिवलेला माल आता परदेशातून येतो, निम्म्या भावात." तळ बसवणारी यंत्रं आत चालूच राहिली. शिलाईवाले तेवढे रस्त्यावर आले. पुढारी युनियनचा अध्यक्ष. बोलायला उभा राहिला की पोलीससुद्धा विडी विझवून ऐकायचे. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांना शपथ घातली होती, की कंपनीच्या मालाला आपल्यापैकी कुणी सुई लावायची नाही. जो लावेल त्याचं तोंड काळं करून गल्लीतून फिरवू. "मग तो माझा सख्खा भाऊ का असेना!" काय टाळ्या पडल्या होत्या तेव्हा!

"थांबा रे," पुढारी म्हणाला. "आधी बघू तरी, कशासाठी आपल्या पोटावर पाय दिला ते."

त्याने एक खोकं फाडलं. खरं तर त्याला भाषण करायचं होतं. ढिसाळ शिलाई हातात धरून सगळ्यांना दाखवायची होती. त्याने एक अप्पर उचललं, म्हणजे तळ बसवण्याआधीचा बुटाचा वरचा भाग. पुढच्या गोलाईवरची हातशिलाई डोळ्यांजवळ नेली आणि भाषण राहूनच गेलं.

टाके डावीकडे कललेले होते. खात्यात सगळ्यांचे टाके उजवीकडे कलायचे. हे उलटे, पण घट्ट, आणि शेवटी दोरा दोनदा गुंडाळून आत दडवलेला.

असा टाका त्याने एकाच बाईचा पाहिला होता, आणि ती त्याच्याच घरात होती. लग्न नवं होतं तेव्हा घाईच्या दिवसांत तो काम घरी आणायचा. त्यानेच तिला शिकवलं होतं. ती डावखुरी. "तुझं मेलं सगळंच उलटं," तो चिडवायचा. "उलटं असलं तरी उसवत नाही ना?" ती म्हणायची.

मग त्याला एकेक आठवायला लागलं. घरात चामड्याचा वास यायचा, तो त्याला आपल्याच अंगात मुरलेला वाटायचा. तिच्या बोटाला चिंधी असायची. "भाजी चिरताना लागलं हो." दुपारी कधी मध्येच घरी गेलं, तर दाराला आतून कडी. आणि दोन्ही वेळा ताटात गरम जेवण. "माझा दादा पाठवतो थोडंफार," ती सांगायची, आणि हा शहाणा मेव्हण्याला दुवा देत, पोटभर जेवून, पुन्हा फाटकावर यायचा. घोषणा द्यायला! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचा राग आला आणि लगेच त्या रागाचीच लाज वाटली.

"काय झालं हो?" किडमिड्या पुढे आला. "द्या इकडे, मी पेटवतो."

पुढाऱ्याने काड्यापेटी दिली नाही. अप्पर दिलं. किडमिड्याने ते उलटसुलट केलं. खोक्यात हात घालून दुसरं काढलं, मग तिसरं. तिसऱ्यापाशी तो थांबला आणि त्याचा तो मोठा गळा एकदम बसला.

मागचे पुढे सरकले. ज्याने त्याने एकेक उचललं. कुणी चटका बसल्यासारखं लगेच खाली ठेवलं. एक म्हातारा शिलाईवाला हातातल्या टाक्यांवरून अंगठा फिरवत रस्त्याच्या कडेलाच बसला. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना.

"परदेशातलाच ना हा माल?" एकाने उगाच विचारलं.

"हो तर," म्हातारा मान वर न करता म्हणाला. "लांबचाच दिसतोय."

ड्रायव्हरला काही उमगेना. "साहेब, जाळताय का नेऊ? आत वाट बघतायत."

पुढाऱ्याने काड्यापेटी खिशात टाकली. फाटकाशेजारच्या काठीवर युनियनचा झेंडा होता. ती काठी त्याने आडवी केली आणि झेंडा ओढून काढला.

"अहो, झेंडा!" मागून कुणीतरी म्हणालं.

त्याने ऐकलं नाही. तो खोक्याशी उकिडवा बसला. रॉकेल आतपर्यंत झिरपलं होतं. त्याने एक अप्पर मांडीवर घेतलं आणि झेंड्याच्या कापडाने खसाखसा पुसायला लागला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

किडमिड्या त्याच्या शेजारी येऊन बसला. त्याने पुढाऱ्याचं मनगट हळूच धरलं.

"असं घासू नका हो," तो म्हणाला. "घासलं की डाग पसरतो, आणि डागाचे पैसे ते माझ्या आईच्या मजुरीतून कापतात."