चाळीसच्या वर

घास तोंडात होता, पण आई गिळत नव्हती. धाकट्यानं चमचा खाली ठेवला आणि वाट पाहिली. घाई केली की तिला ठसका लागतो, हे त्याला आता पाठ झालं होतं. समोर त्याची मोठी बहीण हाताची घडी घालून उभी होती.

शेवटी आईचा गळा हलला. धाकट्याच्या जिवात जीव आला.

"चार घासांना वीस मिनिटं," ताई म्हणाली. "आणि मागच्या आठवड्यात ती काळीनिळी पडली होती, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय."

ते खोटं नव्हतं. पावाचा तुकडा अडकला तेव्हा धाकटा नुसता बघत राहिला होता, आणि ताईनंच आईला पुढं वाकवून पाठीत थापट्या मारल्या होत्या. तेव्हापासून तिनं धोशा लावला होता की स्मृतिभ्रंशाच्या माणसाला सांभाळणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. शहराबाहेर चांगली संस्था आहे, तिथं शिकलेली माणसं आहेत.

त्याच दुपारी आरोग्य केंद्रातून येणाऱ्या नर्सबाईंनी मधला मार्ग काढला. दर मंगळवारी त्या वजन करतील. चौथ्या मंगळवारी आई चाळीस किलोंच्या खाली असेल, तर ती संस्थेत जाईल. वर असेल, तर घरीच राहील.

हे सगळं आईच्या समोरच ठरलं. तिला काही कळत नाही असं सगळे धरूनच चालले होते. ती आपली खुर्चीत बसून दुकानातली जुनी लोखंडी वजनं पुसत होती. तीस वर्षं तिनं धान्याचं दुकान चालवलं आणि एकाही गिऱ्हाइकाला कधी काटा मारला नाही. आता दुकानही गेलं होतं आणि गिऱ्हाइकांची नावंही गेली होती. हात गुंतलेले असले की ती शांत बसते, म्हणून वजनांचा डबा तिच्याजवळच असायचा.

धाकटा घड्याळं दुरुस्त करायचा. त्यानं कामाचं टेबल आईच्या खुर्चीशेजारी आणलं होतं. पन्नाशीपर्यंत त्याला चहापलीकडे काही येत नव्हतं, आणि चहाबद्दलही दुमत होतं. नर्सबाईंच्या फॉर्मात एक प्रश्न होता: जेवू घालताना तुम्हाला स्वतःबद्दल किती खात्री वाटते, शून्य ते दहा? पहिल्या मंगळवारी त्यानं दोन लिहिलं. तेही ताईसमोर लाज राखायला.

पहिल्या मंगळवारी आईचं वजन चाळीस किलो नऊशे ग्रॅम भरलं. दुसऱ्या मंगळवारी चाळीस किलो दोनशे. धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. ताईनं तिथल्या तिथं फोन करून संस्थेत खाट अडवून ठेवली.

मग तो हट्टालाच पेटला. पांढरं ताट बदलून निळं आणलं, म्हणजे भात नीट दिसेल. जेवताना रेडिओ बंद. एका वेळी एकच पदार्थ, कधी मऊ भात, कधी अंडं, कधी दुधात कुस्करलेलं केळं. स्वतःचं ताट घेऊन तो तिच्या शेजारी बसू लागला, कारण दुसरा खाताना दिसला की तिलाही खायचं आठवायचं. ती थोडं खायची आणि उरलेलं त्याच्याकडे सरकवायची. "खा बाळा," म्हणायची, "दमलास." धाकट्याचं काळीज सुपाएवढं व्हायचं.

ताईला ती मावशी म्हणायची आणि नर्सबाईंना मास्तरीण. त्याला मात्र नेहमी बाळाच. त्यानं ताईला तसं ऐकवलंही.

"तिथली माणसं शिकलेली असतील. पण आई मला ओळखते, म्हणून माझ्या हातचं खाते."

ताईला ते लागलं असावं.

तिसऱ्या मंगळवारी चाळीस किलो सहाशे. नर्सबाईंनी आकडा दोनदा पाहिला. धाकट्यानं फॉर्मात सहा लिहिलं.

चौथ्या मंगळवारी ताई रजा टाकून सकाळीच आली. धाकट्यानं आईच्या स्वेटरचे खिसे उलटे करून झटकले. त्यांत ती पाव, चमचे, वाट्टेल ते कोंबायची, आणि उद्या कुणी बोट दाखवायला नको. स्वेटर काढू मात्र द्यायची नाही, म्हणून वजन दर वेळी स्वेटरसकटच व्हायचं. नर्सबाई काटा ठेवायला सपाट जागा शोधत होत्या, ताई त्यांना फरशा दाखवत होती. धाकटा खाली मान घालून फॉर्मावर तारीख घालत होता. तीसुद्धा त्यानं आधी चुकवली.

दोघांनी धरून आईला काट्यावर उभं केलं. आकडे खालीवर झाले. धाकट्यानं डोळे मिटून घेतले.

"एक्केचाळीस किलो शंभर," नर्सबाई म्हणाल्या.

ताई मटकन खाली बसली. तिचे डोळे भरून आले होते. आपलं चुकलं, असं ती म्हणाली आणि खाट सोडल्याचा फोनही तिनं लगेच केला. धाकट्यानं फॉर्मात नऊ लिहिलं. दहा लिहायचा मोह त्यानं आवरला.

दोघींना फाटकापर्यंत सोडून तो शीळ घालत परत आला.

आई खुर्चीत बसली होती. तिनं स्वेटरच्या खिशातून एक किलोचं वजन काढलं, पुसलं आणि डब्यात ठेवलं. मग दुसऱ्या खिशातून अर्ध्या किलोचं काढलं.

वजाबाकीला त्याला कागद लागला नाही. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"आई, हे कशाला केलंस?"

तिनं दाराकडे पाहिलं. तिथं कुणी नाही याची खात्री करून घेतली आणि त्याच्या हातावर थोपटत हळू आवाजात म्हणाली, "बोलू नकोस कुठं. तू गुणी आहेस रे, जीव लावून करतोस माझं. पण वजन घटलेलं कळलं ना, तर माझा मुलगा तुला कामावरून काढून टाकेल."